जुन्या वेगवान मोटारीचें तेल : कूलर आणि फिल्टर



तळणीची कढई तापली म्हणजे तिच्यांतील तेल पाण्यासारखें पातळ होतें. उलट पौष महिन्यांतल्या पहाटे खोबरेल तेल हवें असलें तर बाटली आधीं ऊन पाण्यांत ठेवावी लागते. ही गोष्ट घरांतील पोरासोरांसहि ठाऊक असते. मोटारीच्या इंजिनांतील तेलाचें कुळ निराळें असलें तरी स्वभाव हाच : गार असतां दाट, तापलें कीं पातळ. आज मी जें कांहीं सांगणार आहें त्यांतील निम्म्याहून अधिक भाग या एका स्वभावांतूनच निघतो.

समजा, जुनी परंतु वेगासाठीं नांवाजलेली एखादी मोटार आपल्याजवळ आहे, किंवा ती विकत घेण्याचा मोह आपणांस झालेला आहे. अशा गाडीच्या मालकास मित्र, कारागीर आणि सुटे भाग विकणारे दुकानदार हे तिघेहि एका स्वरानें दोन गोष्टी सांगतात. एक, तेल थंड करणारा कूलर बसवा. दुसरी, जुना फिल्टर काढून त्याच्या जागीं चांगला फिल्टर लावा. सल्ला बहुधा योग्य असतो. परंतु या दोन्ही वस्तु तेलाच्या वाटेवर बसतात, आणि तेलाची वाट म्हणजे इंजिनाची रक्तवाहिनी. तेथें झालेली चूक चार दिवस दिसत नाहीं. दिसते तेव्हां उशीर झालेला असतो. अशा एका चुकीस मीं स्वतः हातभार लावला असल्यामुळें तिची हकीकत पुढें सांगणारच आहें.

सर्वच गाड्यांविषयीं मोघम बोलण्यापेक्षां एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवूं. इंग्लंडांतील मिनी ही ती गाडी, आणि तिच्यांतहि कूपर एस ही तिची चपळ जात. १९५९ च्या ऑगस्टमध्यें मिनी बाजारांत आली. तिचा शिल्पकार अलेक इसिगोनिस. अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडींत चार माणसें आणि त्यांचें सामान बसवावयाचें, तर इंजिनाला जागा उरते किती ? इसिगोनिसनें इंजिन आडवें ठेविलें, आणि गिअरपेटी त्याच्या मागें न जोडतां थेट पोटाखालीं, तेल सांठविण्याच्या पात्रांतच, बसविली. पहिलें इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचें होतें. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरच्या नजरेस या चिमुकल्या गाडीचें चापल्य भरलें. १९६१ त कूपर निघाली, १९६३ त १०७१ घनसेंटिमीटरची कूपर एस, आणि १९६४ त १२७५ ची. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन सालीं मॉंटे कार्लोची रॅली मिनीनें जिंकली. १९६६ सालींहि पहिल्या तीन जागा मिनींनींच पटकावल्या होत्या, पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून पंचांनीं त्या तिन्ही गाड्या बाद केल्या. त्या निर्णयाविषयीं इंग्लंडांत अजूनहि चार माणसें जमलीं कीं वाद होतो. आपण त्यांत पडावयास नको.

आपणांस हवा आहे तो मुद्दा पोटाखालच्या गिअरपेटीचा. बहुतेक गाड्यांत गिअरपेटीचें तेल वेगळें, इंजिनाचें वेगळें. मिनींत सुमारें पांच लिटर तेल दोन्ही संसार चालवितें. क्रॅंकच्या बेअरिंगांस तेंच, आणि दंतचक्रांच्या दांतांसहि तेंच. आतां दंतचक्रांचे दांत एकमेकांवर घासतात तेव्हां दोन गोष्टी होतात. पोलादाचा अतिसूक्ष्म चुरा तेलांत मिसळत राहतो; आणि तेल गारव्यांत फार दाट व उष्णतेंत फार पातळ होऊं नये म्हणून त्यांत जे लांबच लांब रेणू घातलेले असतात ते त्या दांतांत सांपडून तुटतात. म्हणजे हें तेल इतर गाड्यांतल्यापेक्षां लवकर मळतें आणि लवकर पातळहि होतें. एकाच गड्याकडून पाणी भरून घ्यावें आणि त्याच्याचकडून दळणहि दळून घ्यावें, तशांतला हा प्रकार. म्हणून मिनीच्या तेलाची निगा म्हणजे मिनीचें आयुष्य, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

उष्णतेचें काय ? तेल केवळ वंगण नव्हे. दट्ट्यांच्या खालच्या अंगाची आणि बेअरिंगांची उष्णता तेंच उचलून नेतें. शहरांत दुकानांपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला याची फिकीर नाहीं. खालचें पात्र वाऱ्यावर असतें, तेवढ्यानें भागतें. परंतु मिनी जन्मली त्याच सालीं, १९५९ च्या नोव्हेंबरांत, इंग्लंडांत एम-१ या महामार्गाचा पहिला मोठा टप्पा खुला झाला, आणि १९६५ च्या डिसेंबरापर्यंत तेथें वेगास मर्यादाच नव्हती. कूपर एस ताशीं ७० मैलांनीं धांवत असतां तिचें इंजिन मिनिटास सुमारें साडेचार हजार फेरे घेतें. असें तासन् तास चाललें तर पांच लिटर तेलाला दम खावयास सवड मिळत नाहीं. १९६६ पासून कारखान्यानें कूपर एसला तेलाचा कूलर मुळांतच बसवून देण्यास प्रारंभ केला, तो यासाठींच.

आंकडे थोडे, पण लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. इंजिनांतील तेल ९० ते ११० सेंटिग्रेड अंशांच्या दरम्यान असावें. तें १३० च्या पुढें जाऊन तेथेंच राहूं लागलें तर समजावें कीं तेलाचें आयुष्य उताराला लागलें. तापमान दर दहा अंशांनीं चढलें कीं हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून तेल बिघडण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. शिवाय पातळ झालेल्या तेलाचा बेअरिंगांतील पापुद्रा दाबाखालीं टिकत नाहीं. क्रॅंक आणि बेअरिंग यांमधील फट सुमारें एक ते अडीच सहस्रांश इंच. आणि भार पडलेल्या बाजूस तेलाचा पापुद्रा याहून कितीतरी पातळ, कांहीं मायक्रॉनांचाच असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्याशा पापुद्र्यावर धातूचा धातूशीं संसर्ग टळतो, हें मला अजूनहि नवल वाटतें.

मात्र गार तेल म्हणजे उत्तम तेल, असें समजूं नये. कूलरच्या उत्साही भक्तांचा घोटाळा येथेंच होतो. इंजिनांत जळणापासून वाफ उत्पन्न होते, थोडें पेट्रोलहि कडेनें तेलांत झिरपतें. तेल चांगलें तापलें तरच हीं दोन्ही उडून जातात. तें ८० अंशांच्या खालींच रेंगाळूं लागलें तर पाणी व आम्ल आंतच मुरतात, झांकणाच्या आंतल्या बाजूस पिवळसर साय धरते, आणि बेअरिंगें गंजतात. पुन्हा दाट तेल पंपानें ढकलणें कठीण. २०डब्ल्यू-५० या जातीचें तेल, जें या गाड्यांस सर्रास वापरतात, तें ४० अंशांवर असतें त्याच्या साधारण नववा हिस्साच दाटपणा त्याला १०० अंशांवर उरतो. शून्याजवळच्या थंडींत तें किती दाट असेल, याची कल्पना यावरून करावी.

तेव्हां माझें पहिलें सांगणें असें कीं, कूलर विकत घेण्याच्या आधीं तापमापक विकत घ्या. तेलाचें तापमान दाखविणारा कांटा बसवून उन्हाळ्यांत एक लांबचा प्रवास करा. कांटा ११० च्या खालींच राहिला तर कूलरची गरज नाहीं. ते पैसे चांगल्या तेलावर खर्च करावे. वर चढून तेथेंच बसला तर मात्र कूलर घ्या. आणि कूलरचें काम वाऱ्यावर चालतें हेंहि विसरूं नका. मुंबईच्या चवाठ्यावर खोळंबून उभ्या असलेल्या गाडीस पुढें टांगलेल्या कूलरचा उपयोग शोभेपुरता.

आतां माझी हकीकत. १९८७ सालीं मी कामानिमित्त बर्मिंगहॅमला होतों. तेथें माझ्या परिचयाचे एक महाराष्ट्रीय डॉक्टर राहत. वीस वर्षांपूर्वीं विद्यार्थिदशेंत ज्या गाडीकडे नुसतें पाहून समाधान मानावें लागलें ती कूपर एस त्यांनीं आतां हौसेनें घेतली होती, १२७५ ची. मूळचा कूलर कोणा आधीच्या मालकानें काढून टाकलेला. एका रविवारीं जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत त्यांना एक कूलर मिळाला, तेरा ओळींचा, अगदीं मूळ गाडीवरचा वाटावा असा. विकणाऱ्यानें तो कोठल्या गाडीचा हें सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं. घरीं आणून मीं तो पेट्रोलनें आंतून विसळला. पहिलें पेट्रोल काळें निघालें, दुसरें तांबूस, तिसरें स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "अहो, आतां हा पिण्याच्या भांड्याइतका स्वच्छ झाला." मलाहि तसेंच वाटलें. आम्हीं कूलर चढविला, नवें तेल भरलें, नवा फिल्टर घातला, आणि दोघेहि प्रसन्न होऊन चहाला बसलों.

डिसेंबर आला. डॉक्टरांना दवाखान्यांतून भल्या पहाटे बोलावणीं येत. कांचेवरचें बर्फ खरवडावें, गाडी सुरू करावी आणि लगेच निघावें, असा त्यांचा क्रम. तीन आठवड्यांनीं त्यांचा दूरध्वनि आला : इंजिनांतून ठक् ठक् असा आवाज येतो, आणि तेलाच्या दाबाचा कांटा पूर्वींसारखा चढत नाहीं. तापलेल्या इंजिनावर, धांवत्या गाडींत, दाब चौरस इंचास ६० पौंडांच्या आसपास असावा व उभ्या गाडींत १५ च्या खालीं जाऊं नये. येथें धांवतांना जेमतेम ४० आणि उभें असतां पांच. इंजिन उतरविलें. क्रॅंकच्या बेअरिंगांच्या पाकळ्यांवर नांगरटीसारखे ओरखडे, आणि त्या ओरखड्यांत रुतलेले चकचकीत कण. क्रॅंकहि खरवडला गेलेला. फिल्टर कापून त्याचा कागद पसरला तर घडीघडींत तेच कण. म्हणजे फिल्टरनें आपलें काम केलें होतें. तरीहि कण पुढें गेले कसे?

त्याचें उत्तर तेलाच्या वाटेंत आहे. मिनींत पंप खालच्या पात्रांतून जाळीवाटे तेल ओढतो. तें इंजिनाच्या ठोकळ्यांतून बाहेर पडून एका लहान नळीनें फिल्टरच्या डोक्यांत जातें, आणि तेथून गाळून बेअरिंगांकडे. कूलर बसवितांना ही लहान नळी काढतात व तिच्याऐवजीं दोन लांब रबरी नळ्या घालतात : एक ठोकळ्यापासून कूलरपर्यंत, दुसरी कूलरपासून फिल्टरपर्यंत. म्हणजे कूलर आधीं, फिल्टर मागून. रचना शहाणपणाची आहे. कूलरमधून निघेल तो कचरा फिल्टरला अडवितां येतो. परंतु फिल्टरला एक चोरवाट असते. तेल फार दाट असलें किंवा कागद भरून गेला तर तेल त्यांतून पुरेसें जात नाहीं, आणि बेअरिंगें कोरडीं पडण्याचा धोका येतो. तो टाळण्यासाठीं स्प्रिंगची एक झडप ठेवलेली असते. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबांत ठराविक अंतर पडलें कीं ती उघडते आणि न गाळलेलें तेलच पुढें जातें. कोरड्यापेक्षां मळकें तेल बरें, हा त्यांतला हिशेब. तो बरोबरच आहे. पण त्या गारठलेल्या पहाटे, तेल मधासारखें दाट असतां, डॉक्टर गाडी दामटीत होते; ती झडप रोज कांहीं मिनिटें उघडी राहत होती; आणि नेमक्या त्याच वेळीं दाट तेलाच्या जोरानें कूलरमधले कण सुटत होते.

कूलर मीं करवतीनें उभा कापला. त्याच्या चपट्या नळ्यांच्या आंत, तेल घुसळलें जाऊन त्याची उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून, पन्हळी पत्र्यांच्या बारीक पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या पट्ट्यांच्या बेचक्यांत कोणा दुसऱ्याच इंजिनाच्या बेअरिंगांचा चुरा दडून बसलेला होता. तो कूलर मोडलेल्या इंजिनाच्या गाडीवरचा होता हें उघड झालें. पेट्रोलनें विसळून वरवरचें निघालें. गरम तेलाच्या धक्क्यांनीं व इंजिनाच्या हादऱ्यांनीं जें सुटतें तें बादलींत विसळून सुटत नाहीं. डॉक्टर तो अर्धा तुकडा उजेडाकडे धरून म्हणाले, "रक्तांतल्या गुठळीसारखें आहे हें. कोपऱ्यांत घर करून बसते, आणि नको त्या वेळीं सुटते." त्यांनीं मला बोल लावला नाहीं. मी मात्र स्वतःला लावतों, कारण कूलर कोठून आला हें विचारण्याचें काम माझें होतें. ज्या गाडीचें इंजिन मोडलें तिचा कूलर कितीहि सुंदर दिसो, तो पुन्हा वापरूं नये. आणि ज्याचा पूर्वेतिहास कळत नाहीं तो कूलर अशाच गाडीचा धरून चालावें. नव्या कूलरची किंमत क्रॅंक घांसून घेण्यापेक्षां फारच कमी पडते.

आतां नवा कूलर बसवितांना काय पाहावें तें सांगतों. मिनींत पाण्याचा रेडिएटर एका बाजूस, चाकाच्या कोनाड्याकडे तोंड करून बसलेला आहे. त्यामुळें समोरच्या जाळीमागची जागा मोकळी असते, आणि कूलर तेथें वाऱ्यासमोर बसतो. नळ्या जोडण्याचीं तोंडें वरच्या किंवा बाजूच्या अंगास यावींत. खालीं आलीं तर वरच्या भागांत हवा कोंडून राहते. कूलर ॲल्युमिनियमचा असतो. त्याचा जोड आवळतांना एका पान्यानें कूलरचें तोंड स्थिर धरावें व दुसऱ्यानें नळीचा नट फिरवावा. एकाच पान्यानें जोर केला तर नाजूक तोंड पिळून तडकतें, आणि ती तड कित्येकदां पुढें चालत्या गाडींत उघडते.

नळ्यांविषयीं थोडें सविस्तर बोलतों, कारण या कामांतला खरा धोका नळ्यांत आहे. मिनीचें इंजिन आडवें असल्यामुळें गाडी उचल घेते किंवा थांबते तेव्हां तें पुढेंमागें डोलतें. कूलर गाडीच्या सांगाड्यावर पक्का, इंजिन डोलतें. मधल्या नळ्यांना त्या डोलण्यापुरती सैल असलीच पाहिजे. ताणून बसविलेली नळी जोडापाशीं तुटते. फार सैल सोडलेली नळी पत्र्याच्या कडेवर किंवा पंख्यावर घासते. म्हणून जेथें पत्र्यांतून जाते तेथें रबरी कडें घालावें, आणि जेथें टेकते तेथें गुंडाळी करावी. पाण्याची किंवा पेट्रोलची नळी तेलाला चालवूं नये. गरम तेल व दाब दोन्ही सोसणारीच हवी. आणि तीहि कायमची नव्हे. रबर वरून ठीक दिसलें तरी वांकवून पाहावें. बारीक भेगा दिसल्या तर बदलावी. भर वेगांत अशी नळी फुटली तर पंप स्वतःच सगळें तेल रस्त्यावर ओततो, आणि दाबाच्या कांट्याकडे चालकाचें लक्ष जाण्यापूर्वीं इंजिन कोरडें झालेलें असतें.

थंड देशांत, किंवा गाडी बहुधा जवळच्या फेऱ्यांसाठींच वापरली जात असली तर, नळ्यांच्या मध्यें एक थर्मोस्टॅट अवश्य घालावा. आंतलें मेण तापून फुगलें कीं तो कूलरची वाट मोकळी करतो, साधारणतः ८० अंशांच्या पुढें; तोंवर तेल कूलरला वळसा घालून थेट जातें. चांगला थर्मोस्टॅट गार असतांहि थोडें तेल कूलरमधून सोडीत राहतो, हें दूषण नसून भूषण आहे. त्यामुळें वाट उघडतांच गारढोण तेलाचा लोंढा एकाएकीं इंजिनांत येत नाहीं. थर्मोस्टॅट नको असेल तर हिंवाळ्यांत कूलरसमोर पुठ्ठा बांधावा. रॅलीवाल्यांचा हा जुना उपाय, आणि तो अजूनहि चालतो.

फिल्टरकडे वळूं. जुन्या कूपर एसवर लोखंडी डबा असतो व त्यांत कागदाची घडीदार गाळणी बदलून घालावयाची असते. यांत चुकण्याची जागा एक. डब्याचें तोंड जेथें बसतें त्या खोबणींत एक रबरी कडें असतें. जुनें कडें खोबणींत चिकटून काळें पडतें, तें लोखंडाचाच भाग वाटतें, आणि घाईचा माणूस त्यावरच नवें चढवितो. दोन कड्यांवर बसलेला डबा आज गळत नाहीं. गार सकाळीं दाब चढला कीं एका अंगानें सुटतो. टोंकदार सुई घेऊन जुनें कडें उकरून काढावें, आणि निघालेलें कडें हातांत आल्याखेरीज नवें उघडूं नये.

पुढील काळांतल्या मिनींना आट्यांवर फिरवून बसविण्याचा, वापरून टाकून देण्याचा फिल्टर आला. तसलें डोकें जुन्या इंजिनावर बसवितां येतें, आणि स्वच्छतेच्या व सोयीच्या दृष्टीनें मला तो बदल पसंत आहे. पण दुकानांतून 'बसतो' एवढ्यावर फिल्टर आणूं नये. आटे पाहावे. इंग्लंडांतील या डोक्यांचे आटे पाऊण इंची, म्हणजे १९·०५ मिलिमीटर व्यासाचे, इंचास सोळा. बाजारांत तसेच दिसणारे पुष्कळ फिल्टर २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटरच्या आट्यांचे असतात. असा फिल्टर त्या खुंटीवर फिरतो, रबर टेकल्यावर आवळल्यासारखाहि वाटतो, परंतु आट्यांची पकड नांवापुरतीच असते. दाबानें तो उडून गेला तर तेल जाण्याची तऱ्हा फुटलेल्या नळीसारखीच. दुसरें, फिल्टरांत ती चोरवाटेची झडप आहे कीं नाहीं, आणि गाडीच्या डोक्यांत ती आहे कीं नाहीं, हें मिळवून पाहावें. दोहोंपैकीं एका ठिकाणीं ती असलीच पाहिजे.

तिसरी झडप उलट्या प्रवाहाची. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरांतील तेल खालीं उतरून जाऊं नये म्हणून आंत रबराचें एक पातळ झांकण असतें. एम.जी.बी. या दुसऱ्या नांवाजलेल्या इंग्रजी गाडीच्या कांहीं इंजिनांवर फिल्टर तळ वर करून, उपडा, बसविलेला होता. रात्रभरांत तो रिकामा झाला कीं सकाळीं आधीं तो भरावयाचा आणि मग बेअरिंगांस तेल मिळावयाचें. तोंवर कांटा शून्यावर आणि इंजिन खडखडत. अशा गाडीस हें झांकण असलेला फिल्टर लावावा, किंवा डोकें बदलून फिल्टर खालीं लोंबता घ्यावा.

बारीक गाळणाऱ्या फिल्टरच्या जाहिरातींविषयीं एक शब्द. चहाची गाळणी काढून तेथें मलमलीचें फडकें बांधलें तर चहा अधिक स्वच्छ येईल हें खरें, पण कप भरावयास किती वेळ लागेल ? तेथें निदान आपण थांबतों. इंजिनाचा पंप थांबत नाहीं; तो चोरवाट उघडतो. लहान आकाराच्या अतिसूक्ष्म गाळणीपेक्षां मोठ्या क्षेत्रफळाची मध्यम गाळणी बरी. मिनीच्या तेल सोडण्याच्या बुचास लोहचुंबक असतो. दंतचक्रांचा चुरा त्याला चिकटतो. तो दर वेळीं पुसून पाहावा. काळपट, लोण्यासारखा मऊ लगदा असला तर चिंता नाहीं. बोटांत टोंचणारी कपची सांपडली तर गिअरपेटीकडे पाहावयास हवें.

सगळें जोडून झालें कीं लगेच किल्ली फिरवूं नये. नळ्या व कूलर रिकामे आहेत. ते भरेपर्यंत बेअरिंगें कोरडीं फिरतील. ठिणगीचे प्लग काढावे, आणि दाबाचा कांटा हलेपर्यंत इंजिन स्टार्टरनें नुसतें फिरवावें. मधून मधून थांबून स्टार्टरलाहि विश्रांति द्यावी. मग प्लग घालून इंजिन मंद चालवावें व खालीं वांकून प्रत्येक जोडावरून कोरडें फडकें फिरवावें. बंद करून पांच मिनिटांनीं तेलाची पट्टी पाहावी. कूलर व नळ्यांनीं कांहीं तेल पोटांत घेतलेलें असतें, तेवढें भरून काढावें. शंभर मैलांनंतर जोड पुन्हा तपासावे.

डॉक्टरांची गाडी दुसऱ्या वर्षीं वसंतांत पुन्हा उभी राहिली. क्रॅंक घांसून नवीं बेअरिंगें घातलीं, कूलर नवा कोरा, तेरा ओळींचाच, थर्मोस्टॅटसह, आणि आधीं बसवावयास हवा होता तो तापमापक आतां बसविला. जुलैंत आम्ही लंडनला गेलों. एम-१ वर ७० मैलांचा वेग धरून कांटा ९५ वर स्थिर होता. डॉक्टर पहाटे गाडी काढीत तेव्हां आतां पहिले दोन मैल हलक्या पायानें चालवीत, शेजारी हंसत. तीन हजार मैलांनीं तेल बदललें त्या दिवशीं फिल्टर कापून वर्तमानपत्रावर पसरला. काजळीनें कागद काळा झाला होता. आम्हीं तो उन्हांत धरून, घडी घडी उलगडून पाहिला. चकाकणारें त्यांत कांहीं नव्हतें.